पुस्तक पुढे केलं की पळतो

"कपाट भरून पुस्तकं आहेत घरात. वाढदिवसाला, दिवाळीला आम्ही पुस्तकंच देतो. पण हा एकाला हात लावेल तर शपथ. पुस्तक पुढे केलं की पळतो." दुसरीतल्या मुलाची आई सांगत होती. बाबा शेजारी बसून मान डोलवत होते. लहान मुलांच्या पालकांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. (या घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी मी आधी एकच गोष्ट बघते: मूल वाचत नाही, की त्याला वाचता येत नाही? डोळे तपासून झाले होते. मी त्याला एक उतारा वाचायला दिला. जोडाक्षरांपाशी तो अडखळला, 'स्वच्छ'पाशी थांबला, पण पुढे गेला. इंग्रजी माध्यमातल्या मुलाचं या वयात मराठी वाचन असं असणं काही वेगळं नाही. अक्षरं जुळवताच येत नसती, शाळेतल्या बाईंनीही तेच सांगितलं असतं, तर मी अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवली असती. मुंबईत सायन आणि नायर या पालिका रुग्णालयांत ती होते. अशा मुलाला 'वाचनाची गोडी लावा' म्हणून काही उपयोग नसतो, त्याला वेगळी मदत लागते.

इथे तसं नव्हतं. मग मी विचारलं, संध्याकाळी वाचन कसं होतं, ते जसंच्या तसं सांगा.

आई शेजारी बसते. प्रत्येक पानावर 'याचा अर्थ काय?' विचारते. गोष्ट संपली की 'यातून काय शिकलास?' शिवाय बाबांची योजना होती: दहा पानं वाचली की वीस मिनिटं मोबाईल. मुलाने त्यावर तोड काढली होती. मोठी चित्रं आणि पानावर दोनच ओळी असलेली पुस्तकं तो शोधून आणायचा. बाबांना हा लबाडपणा वाटत होता. मला तर पोराचा हिशेब चोख वाटला! मोबाईल हे बक्षीस आणि पुस्तक ही त्याची किंमत, हे घरानेच ठरवलं होतं. किंमत जितकी कमी मोजावी लागेल तितकं बरंच की.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झालेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. काही दिवसांनी तेच रंगीत पेन समोर ठेवले, बक्षिसाचं नाव काढलं नाही. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. मी हे सांगितल्यावर बाबा जरा गप्प झाले.

ठरलं ते एवढंच. मोबाईल-योजना बंद, मोबाईलची वेळ वेगळी, तिचा पुस्तकाशी संबंध नाही. रात्री आई किंवा बाबा वाचून दाखवतील, तो ऐकेल. या वयाच्या मुलाला स्वतः वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा ऐकून पुष्कळ जास्त कळतं, त्यामुळे गोष्ट त्याच्या वाचनापेक्षा वरची असली तरी चालेल. प्रश्न त्याने विचारायचे, मोठ्यांनी नाही. आईला हे शेवटचं सगळ्यांत जड गेलं.

आणि वाचनालय. घरात कपाट भरलेलं असताना वाचनालय कशाला, असं त्यांना वाटलं. पण विकत घेतलेलं पुस्तक मुलाने अर्धवट टाकलं की आपला जीव कळवळतो, 'साडेतीनशे रुपयांचं आहे' तोंडातून निघतंच. वाचनालयाचं पुस्तक नावडलं तर बदलून आणायचं, विषय संपला. नावडलेलं पुस्तक सोडून देता येतं, हे कळल्यावरच मूल पुस्तक निवडायला लागतं.

आजोबा जवळच्या वाचनालयाचे जुने सभासद. अडचण अशी की बालविभागाचं कपाट कुलूपबंद आणि पुस्तक यादीतून मागायचं. दुसरीतलं पोर यादी काय बघणार? मी आजोबांना म्हटलं, गर्दी नसेल अशा वेळी जा आणि ग्रंथपालबाईंना विनंती करा. बाईंनी कपाट उघडून दिलं, त्याला खाली फरशीवर बसू दिलं. त्याने काढलं ते सापांवरचं पुस्तक. गोष्टींचं नाहीच.

याच काळात भिलारला जायचा बेत ठरला. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं हे 'पुस्तकांचं गाव' मे २०१७ मध्ये सुरू झालं, घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. जरूर जा म्हटलं. फक्त तिथे 'बघ, बघ, किती पुस्तकं!' करू नका. तो स्ट्रॉबेरी खात बसला तर बसू द्या.

दोनेक महिन्यांनी आई आली ती नवी तक्रार घेऊन: हा फक्त सापच वाचतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं तोंडपाठ. सोसायटीत धामण निघाली तेव्हा 'बिनविषारी आहे, मारू नका' म्हणून मोठ्यांना सुनावलं त्याने. "पण चांगल्या गोष्टी कधी वाचणार?" मी म्हटलं, सापच राहू देत. हवं तर 'किशोर' मासिक घरात दिसेल असं टाकून ठेवा, वाच म्हणू नका. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत.

जाता जाता तिने विचारलं, मराठीचे मार्क मात्र तेवढेच आहेत, त्याचं काय? जोडाक्षरांचा सराव शाळेतल्या बाईंकडून वेगळा मागून घ्या, रोज दहा मिनिटं, पाठ्यपुस्तकातूनच. सापांच्या पुस्तकातून नको.