वाचकांचे प्रश्न : बहाव्याचं बी उगवत का नाही?

प्रश्न : घराच्या पश्चिमेला बारा फूट जागा आहे, जमीन काळी. तिथे सावलीसाठी बहावा लावायचा आहे. शेंगेतलं बी दोनदा पेरलं, उगवलं नाही. शेजारचा सात वर्षांचा बहावा हिरवागार आहे, पण फुलत नाही. काय चुकतंय? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : बी बहुधा चांगलंच आहे; कवच टणक असल्यानं पाणी आत शिरत नाही. पिकून काळी झालेली शेंग फोडा, चिकट गर धुऊन काढा, नाहीतर बुरशी धरते. बीची गोल कड पॉलिश पेपरवर घासा आणि तपकिरी कवचाखालचा फिकट रंग दिसला की थांबा. टोक घासू नका, अंकुर तिथे असतो. मग रात्रभर भिजवा. सकाळी जे फुगलं तेच अर्धा इंच खोल पेरा; उरलेलं पुन्हा घासा. पिशवी उंच घ्या आणि रोप त्यात फार दिवस ठेवू नका, सोटमूळ तळाशी गुंडाळतं.

काळ्या जमिनीत खरी गफलत खड्ड्यात होते. दोन फूट खणून नुसतं खत-पोयटा भरला, की भोवतीची चिकण माती पाणी पुढे जाऊ देत नाही. खड्ड्याचा हौद होतो आणि भर पावसाळ्यात मुळं कुजतात. म्हणून खणलेल्याच मातीत चौथा हिस्सा मुरूम आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा, रोप अर्धा फूट उंचवट्यावर लावा. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, मुळं तुटतात. पहिली दोन वर्षं आळ्यात केळीच्या वाळल्या पानांचा जाड थर हवाच. तुमच्याकडे त्यांना काय तोटा!

पावसाळ्यात हिरव्या अळ्या पानं खातात. त्यांची पिवळसर फुलपाखरं होतात. मोठं झाड पुन्हा फुटतं, फवारू नका. लहान रोपावरच्या हातानं वेचा.

शेजारच्या झाडाला बहुधा लाड नडतोय. बियांच्या झाडाला फुलायला पाच ते आठ वर्षं लागतातच, पण बारमाही पाणी आणि युरिया मिळाला की ते पानांतच रमतं. युरिया बंद करा, जानेवारीपासून पाणी तोडा, हिवाळ्यात छाटू नका. दिवसाला सहा तास ऊनही हवं.

आता सावलीचं. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास बहावा फुलतो तेव्हा पानं गाळून बसलेला असतो. म्हणजे ऐन उन्हात पश्चिमेची भिंत उघडीच. तिथे करंज लावा, आणि बहावा पुढच्या अंगणात, भिंतीपासून दहा फुटांवर, वर वीजतारा नसतील तिथे. शेंगेचा गर जुलाब करतो. लहान मुलं असतील तर पडलेल्या शेंगा वेचत जा.