गाडी पिळा, पण तापल्यावर

ह्या वेळी स्पोर्ट्स कारवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत आणि सगळ्यांच्या पोटात एकच गोळा, जोरात चालवली तर खराब होईल का. पाच पत्रं घेतोय, पहिलं आणि ब्रेकचं जरा लांबलंय, चालवून घ्या.

प्रश्न: सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतलीये. सहा सिलिंडर, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही, मॅन्युअल गिअर, आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) काट्यावर लाल पट्टा ८,००० ला सुरू होतो. मित्र म्हणतात पाच हजाराच्या वर नेऊच नको, इंजिन लवकर जाईल. विकणारा म्हणाला रोज एकदा तरी पूर्ण वर न्या. कोणाचं ऐकू? सकाळी चालू करून दहा मिनिटं जागेवरच उभी ठेवतो, मग निघतो.

उत्तर: विकणाऱ्याचं ऐका, फक्त त्याने अर्धीच गोष्ट सांगितलीये. ज्यांनी ते इंजिन बनवलं त्यांनी ते टेस्ट बेंचवर तासन्‌तास वरच्या आरपीएमला पळवून मगच तो लाल पट्टा कुठे काढायचा ते ठरवलेलं असतं, त्यामुळे नीट तापलेलं आणि ऑइल बरोबर असलेलं इंजिन आठ हजाराला नेलं म्हणून मरत नाही. मरतं ते थंड असताना नेल्याने.

आणि इथेच बहुतेक लोक फसतात. पाण्याचा काटा मधोमध आला की समजतात झालं गरम. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते पाणी, काही मिनिटांत ९० डिग्रीला पोचतं पण ऑइल तेव्हा अजून ५०-६० च्या आसपास रेंगाळत असतं, शिवाय बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की थोडंफार कमीजास्त झालं तरी मधेच उभा राहील, म्हणजे मालकाला उगाच घाबरायला नको. ऑइलचा वेगळा काटा असेल तर तोच बघा, निदान ८० होईपर्यंत थांबा. नसेल तर साधा हिशोब, शांतपणे १५-२० मिनिटं चालवा.

थंडपणी नक्की होतं काय, तर पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो पटकन तापतो आणि फुगतो, त्याच्या भोवतीचा ब्लॉक मागे राहतो, दोघांमधली जागा हवी तशी नसते. आणि ऑइल इतकं घट्ट असतं की रेस दिली की फिल्टरमधून जाईना होतं, मग बायपास व्हॉल्व उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगला. एकदा केलं तर काही दिसत नाही. रोज सकाळी केलं तर दोन-तीन वर्षांनी दिसतं, आणि तेव्हा गाडी पुढच्या मालकाकडे असते. हे त्या सेकंडहँड घेतलेल्या तुम्हालाच सांगतोय :)

बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये ह्यावर मस्त युक्ती होती, तिचाही लाल पट्टा ८,००० ला. इंजिन थंड असलं की आरपीएमच्या काट्याच्या वाटेत दिवे लागलेले असायचे आणि ऑइल तापेल तसे ते एकेक करून विझत जायचे. सगळे विझले की मोकळे. मला तरी त्या सोयीचं काम लाँच कंट्रोलपेक्षा (उभ्या गाडीला झटक्यात पळवणारी सोय) मोठं वाटतं.

आता ते दहा मिनिटं उभं राहणं, बंद करा ते. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं, आणि एवढं करून गिअरबॉक्स, डिफरन्शिअल (चाकांना ताकद वाटून देणारे गिअर), टायर थंडच राहतात. चालू करा, अर्धा मिनिट थांबा, निघा, तीन-साडेतीन हजाराच्या आत ठेवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. तुमचं रोजचं जाणंच दहा मिनिटांचं असेल तर त्या दिवशी वर नेऊ नका, आठवड्यातून एकदा लांब काढा आणि तेव्हा मनसोक्त न्या. आणि ऑइलची लेव्हल बघत जा हो, वर फिरणारी इंजिनं ऑइल खातात, आणि लेव्हल कमी असताना लांब वळणावर ऑइल सगळं एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. बेअरिंग जायला तेवढे दोन-तीन सेकंद पुरतात.

प्रश्न: ठरलेल्या आरपीएमच्या वर इंजिनला जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर असतो ना, मग इंजिन जास्त फिरूच कसं शकेल?

उत्तर: लिमिटर पेट्रोल नाहीतर स्पार्क तोडतो. पण इंजिनला चाकंच फिरवत असतील तर तो काय तोडणार? तिसऱ्यात ८,००० ला आहात, चौथा टाकायचाय, घाईत मूठ आवळली, हात जरा तिरका झाला आणि गेला दुसऱ्यात. दुसऱ्या-तिसऱ्याच्या रेशोत साधारण दीडपट फरक धरा, क्लच सोडल्या क्षणी चाकं इंजिनला १२,००० कडे ओढतात. व्हॉल्वच्या स्प्रिंगला तेवढ्या वेगात व्हॉल्व बंद करता येत नाहीत, उघडा राहिलेला व्हॉल्व आणि वर येणारा पिस्टन भेटतात. संपलं.

उपाय मुठीत आहे. तिसऱ्यातून चौथा टाकताना लिव्हर पकडायची नाही, बोटं सैल ठेवून सरळ मागे घ्यायची, बाजूला अजिबात जोर द्यायचा नाही, आतली स्प्रिंग तिला तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आपोआप धरून ठेवते. जोर लावणारे चुकतात. पोर्शेच्या गाड्यांत तर असं इंजिन किती वेळा आणि किती वर गेलं ह्याची नोंदच कंप्युटरमध्ये राहते, जुनी घेणारे जाणकार आधी तो रिपोर्ट मागतात.

प्रश्न: पहिल्यांदाच ट्रॅक डेला (रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) गेलो. चौथ्या लॅपला ब्रेकचं पेडल स्पंजसारखं झालं, घाबरून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी एकदम ठीक! पॅड नवीन आहेत. मेकॅनिक म्हणतो काहीच प्रॉब्लेम नाही.

उत्तर: प्रॉब्लेम आहे, ब्रेक ऑइल उकळलं होतं. थंड झाल्यावर वाफ परत द्रव झाली म्हणून पेडल ठीक, पण पुढच्या वेळी तेच ऑइल आणखी लवकर उकळेल.

एक हिशोब करून बघा. १,५०० किलोची गाडी २०० च्या स्पीडवरून थांबवायची म्हणजे साधारण २३ लाख जूल उष्णता, म्हणजे नळाचं सात लिटर पाणी उकळायला लागेल एवढी, आणि ती चार डिस्कना काही सेकंदांत गिळायची असते. १०० वरून थांबताना ह्याच्या फक्त पाव. म्हणून रस्त्यावर वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि ट्रॅकवर चौथ्या लॅपला कळतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ती किमान मर्यादा १५५ वर येते. माझंही झालंय हे, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल थेट जमिनीला टेकलं, भराभर दोन-तीनदा पंप केलं तेव्हा जरासं धरलं आणि मी रेतीत जाऊन उभा. ऑइल तीन वर्षांचं होतं, चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून ट्रॅकच्या आधी नवीन ऑइल, आणि वरून टॉपअप नाही, जुनं पूर्ण काढून, ब्लीड करून, म्हणजे नळ्यांतली हवा काढून.

पेडल कडक आहे, जळका वास येतोय, तरी गाडी थांबत नाहीये असं झालं तर तो वेगळा आजार, तेव्हा पॅड त्याच्या कुवतीबाहेर तापलेत, ट्रॅकचे पॅड घ्या. दोन्हीला औषध एकच असतं असं समजून लोक उगाच मोठ्या डिस्क बसवतात.

शेवटची लॅप ब्रेकला जवळजवळ हात, म्हणजे पाय, न लावता काढा. आणि पिटमध्ये (ट्रॅकच्या बाजूला गाडी थांबवायची जागा) आल्यावर पेडल दाबून उभे राहू नका, हँडब्रेक तर ओढूच नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो, नंतर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. गिअरमध्ये टाका, चाकाला अडण लावा.

प्रश्न: टर्बो गाडी जोरात चालवून आल्यावर लगेच बंद केली तर चालतं का?

उत्तर: टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याच्यावर आदळणारा एक्झॉस्ट ९०० डिग्रीच्या घरात. तशीच बंद केली की बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत टर्बोला पाणी फिरतं आणि गाडी बंद झाल्यावरही पंप-फॅन चालू राहतो, तो जो आवाज येतो तोच. तरी शेवटचे तीन-चार किलोमीटर हळू चालवत आणा, उभ्या उभ्या थंड करण्यापेक्षा ते बरं. उलट तुम्ही न विचारलेली चूक मोठी आहे: सहाव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएम आणि ॲक्सिलरेटर पूर्ण खाली. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बोत अशा वेळी स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि एका दणक्यात पिस्टन तुटू शकतो. गिअर खाली घ्या, मग दाबा. इंजिन ऑइल एपीआय एसपी दर्जाचं (डब्यावर लिहिलेलं असतं) घ्या, तो २०२० मध्ये आला त्यात ह्याचाही विचार आहे, फक्त गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड, म्हणजे ऑइलचा घट्टपणा, बदलू नका.

प्रश्न: ट्रॅकवर टायरची हवा किती ठेवायची?

उत्तर: थंडपणी किती ह्याला अर्थ नाही, तापल्यावर किती ते बघा. काही लॅपमध्ये पाच-सहा पीएसआय सहज चढते, पिटमध्ये येऊन लगेच गेज लावा आणि चारही टायरची वाढलेली हवा काढून सारखी करा. घरी निघताना परत भरा, अर्धे लोक विसरतात आणि हायवेवर बसलेल्या टायरवर दीडशेने जातात.