समुद्रघोड्यांच्या टाकीत शैवाल

प्रश्न : मेलबर्नला आमच्याकडे टाकीत पैदास झालेले समुद्रघोडे आहेत. शोभेचं शैवाल कोणतं लावावं? दगडाला बांधलेलं सारखं सुटतं.

उत्तर : लाल ग्रासिलारिया घ्या. तिच्या फांद्या चिवट असतात, शेपटीचा विळखा पेलतात. कॉलर्पा टाळाच: बीजपेशी सोडताना ती अख्खी विरघळते, पाणी दुधाळ होऊन प्राणवायू घटतो. केटोमॉर्फाच्या गुंत्यात खाद्य अडकून कुजतं.

टाकीत घालण्याआधी प्रत्येक फांदी समुद्री पाण्यात झटकून बारकाईनं तपासा. हायड्रॉइड आणि एप्टेशिया (दंश करणारे बारीक समुद्री जीव) यातूनच येतात, आणि त्यांचा दंश समुद्रघोड्यांना फार त्रासदायक ठरतो.

आता बांधणं. मोठ्या खडकाऐवजी मुठीएवढा सच्छिद्र तुकडा घ्या. साफसफाईला उचलता येतो. बुडखा भेगेत खोचा, सुती दोऱ्यानं दोन-तीन ठिकाणी सैलसर बांधा. तुमचं सुटतं ते बहुधा आवळल्यामुळे: दोरा खोडात रुततो, तिथंच ते कुजून तुटतं. चिकटवायचंच तर सायनोअॅक्रिलेट जेलचा (घट्टसर सुपरग्लूचा) थेंब फक्त बुडाला लावा. सुटलेले तुकडे लगेच काढा, नाहीतर पंपाची जाळी तुंबते. ग्रासिलारिया फिकी पडली तर नायट्रेट मोजा. अगदी शून्य असेल तर ती उपाशी आहे.

भारतातल्या वाचकांसाठी : समुद्रघोडे इथं वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, ते घरी पाळू नका.