उपवास सगळ्यांचाच, पण कशासाठी? धर्मांबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी धर्मांची तुलना या विषयावर खूप प्रश्न आले. त्यातले पाच घेतलेत, दोघातिघांनी एकच विचारलं होतं तिथे एकत्र केलंय.

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला एक तरी मेसेज असतोच की सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, फक्त नावं वेगळी. मी तो पुढे पाठवला की माझा कॉलेजातला मुलगा चिडतो, म्हणतो आई हे अभ्यास न करता बोलणं आहे. मला वाटतं तो उगाच वाद घालतो. कोणाचं बरोबर?

उत्तर : माणसाने माणसाशी कसं वागावं इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, त्याच्या पुढे गेलं की मुलाचं.

तुमची बाजू आधी. कन्फ्यूशियसला शिष्याने विचारलं की आयुष्यभर पाळता येईल असा एक शब्द सांगा, तर त्याचं उत्तर असं की स्वतःला जे नको ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नको. महाभारताच्या अनुशासनपर्वात हेच आहे. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं की लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसं तुम्ही त्यांच्याशी वागा. हदीसमध्ये, म्हणजे मुहम्मद पैगंबरांच्या वचनांत, आहे की स्वतःला जे हवं तेच आपल्या भावालाही मिळावं असं वाटत नाही तोवर माणूस खरा श्रद्धावान नाही. आणि ज्यू परंपरेतला गुरू हिलेल, त्याच्याकडे एक जण आला आणि म्हणाला मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात मला सगळा तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, शिकवा. हिलेल म्हणाला, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नको, हाच सगळा तोरा, बाकी त्याचं स्पष्टीकरण, आता जा आणि शीक.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक शेवटचं 'जा आणि शीक' गाळतात. माझ्या मते तुमचा मुलगा तेवढंच परत मागतोय.

कारण प्रत्येक धर्माला माणसाचं मूळ दुखणं वेगळं दिसलंय. ख्रिश्चन धर्मात दुखणं म्हणजे पाप, देवाशी तुटलेलं नातं, आणि ते माणसाला स्वतःच्या बळावर जोडता येत नाही म्हणून येशूचं बलिदान आणि देवाची कृपा हे मध्यवर्ती. इस्लाममध्ये माणूस जन्मतः पापी नाही, आदमकडून चूक झाली, त्याने माफी मागितली, अल्लाहने ती दिली, विषय संपला. तिथे अडचण आहे विसरण्याची, गाफील होण्याची, म्हणून मार्गदर्शनाला कुराण आणि आठवण राहायला दिवसातून पाच वेळा नमाज. ज्यू धर्मात भर असतो देवाशी केलेल्या करारावर आणि रोज जगायचं कसं यावर, त्यांच्या परंपरेत ६१३ आज्ञा मोजल्यात, पण त्या ज्यूंसाठीच, बाकी जगाने ज्यू व्हावं असा आग्रह नाही. बुद्धांनी दुखण्याचं कारण तृष्णा सांगितलं, वेदान्ताने अविद्या. दुखणंच वेगळं म्हटल्यावर औषध एक कसं असेल?

आणि हे फरक मान्य केले म्हणून जवळीक कमी होते असं मला अजिबात वाटत नाही. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी शिखांचा ग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात नामदेव, कबीर, शेख फरीद यांच्याही रचना घेतल्या, पण निवडून, वाचून, समजून घेतल्या. सरसकट 'सगळं एकच' म्हणून नाही.

प्रश्न : हिंदू, बौद्ध आणि जैन तिन्ही कर्म मानतात, पुनर्जन्म मानतात. मग फरक फक्त देव मानण्या न मानण्याचाच राहतो ना?

उत्तर : हा प्रश्न वाचून मला खरंच आनंद झाला कारण हे तीन धर्म इतके शेजारी वाढलेत की शब्द एकमेकांचे वापरतात, आणि शब्द तोच असला की आपण गृहीत धरतो अर्थही तोच असणार.

जैन विचारात कर्म म्हणजे फक्त केलेलं काम नाही, ते अतिशय सूक्ष्म द्रव्य आहे, पुद्गल. राग, मान, माया, लोभ हे कषाय असले की ते आत्म्याला चिकटतं, तेल लागलेल्या अंगाला धूळ चिकटावी तसं. ही धूळ आत येणं म्हणजे आस्रव, तिला अडवणं म्हणजे संवर आणि आधीची झाडून टाकणं म्हणजे निर्जरा. सगळी गेली की हलका झालेला आत्मा विश्वाच्या माथ्यावर सिद्धशिलेला पोचतो. हे वाचलं की जैन साधू पाऊल टाकण्याआधी जमीन का बघतात ते कळतं.

बुद्धांनी मात्र कर्म म्हणजे चेतना, म्हणजे मनातला हेतू, असं स्पष्ट म्हटलंय. मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथात उपाली नावाच्या महावीरांच्या अनुयायाशी झालेला अख्खा वाद याच मुद्द्यावर आहे, पाप शरीराने केलेलं मोठं की मनाने केलेलं. जैन परंपरेत भावाला महत्त्व आहेच, तसं नाही असं कोणी समजू नये, पण नकळत झालेली हिंसा तिथे इतक्या सहज सुटत नाही.

मोठा फरक पुढे आहे. हिंदू विचारातल्या बहुतेक शाखा आणि जैन आत्मा मानतात. बुद्धांनी कायमचा न बदलणारा आत्मा नाकारला. मग पुनर्जन्म कोणाचा, हे तुमच्या मनात लगेच येईल, आणि ते दोन हजार वर्षांपूर्वीही आलं होतं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, त्याच्या आणि भिक्खू नागसेनाच्या संवादात नागसेन विचारतो की रात्रभर दिवा जळत राहिला तर पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही आणि दुसरी आहे असंही म्हणता येत नाही. जन्माचं तसंच. मी हा संवाद कितीदा वाचला असेन आणि दर वेळी त्या ज्योतीपाशी थोडा वेळ थांबते.

देवाचं म्हणाल तर तेही हिंदू-एका-बाजूला आणि बाकी-दुसऱ्या असं सरळ नाही. कर्माचं फळ देतं कोण? वेदान्त म्हणतो ईश्वर, पण पूर्वमीमांसा हे हिंदूंचंच दुसरं दर्शन वेद संपूर्ण मानूनही म्हणतं की फळ द्यायला ईश्वर लागत नाही, कर्मातून 'अपूर्व' नावाची शक्ती तयार होते ती पुरेशी आहे. आणि बुद्धांना जेव्हा मालुंक्यपुत्ताने विचारलं की जग अनंत आहे का, बुद्ध मृत्यूनंतर असतो का, तेव्हा त्यांनी हो नाही काहीच न म्हणता विषारी बाण लागलेल्या माणसाचं उदाहरण दिलं, जो म्हणतो बाण मारणारा कोण, कुठल्या जातीचा, धनुष्य कसलं हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. कळेपर्यंत तो मरेल.

प्रश्न : उपवास बहुतेक सगळ्या धर्मात आहेत, पण रमजान दर वर्षी अलीकडे का सरकतो? बाकीच्यांचे सण तर साधारण त्याच ऋतूत येतात. आणि उपवासाचा हेतू सगळीकडे सारखाच का?

उत्तर : इस्लामी वर्ष निव्वळ चंद्राचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे ते सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान पडतं आणि रमजान साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीत सुरू होईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा. ज्यू आणि हिंदू महिनेही चंद्राचेच पण दोघांनी ती तूट भरून काढलीय, ज्यू १९ वर्षांत ७ जादा महिने घालतात कारण त्यांचा पेसाख हा सण वसंतातच यायला हवा अशी आज्ञा आहे, आणि हिंदू पंचांगात साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. इस्लामपूर्व अरबस्तानातही महिने असे मागेपुढे केले जायचे, कुराणाने नवव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, ते बंद केलं. म्हणजे हे सरकणं गणित न जमल्यामुळे झालेलं नाही, ठरवून आहे. त्यातून एक सुंदर गोष्ट होते की कुठल्याही देशातल्या माणसाच्या वाट्याला कायम लांब दिवसांचे किंवा कायम छोट्या दिवसांचे रोजे येत नाहीत. ईस्टरचा हिशोब अजून निराळा, २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, पण ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन कॅलेंडरने मोजतं म्हणून त्यांचा आणि बाकी ख्रिश्चनांचा ईस्टर बऱ्याचदा वेगळा येतो. २०२५ मध्ये मात्र दोन्हीकडे २० एप्रिललाच होता.

हेतू सारखा नाही. रोज्याचा हेतू कुराण सांगतं तो तक्वा, म्हणजे देवाचं सतत भान, आणि आजारी किंवा प्रवासात असलेल्याला रोजे नंतर भरून काढायची मुभा आहे. ख्रिश्चनांचा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, ही येशूच्या अरण्यातल्या ४० दिवसांची आठवण, त्यात पश्चात्तापाचा भाव जास्त. कॅथलिक नियमात सक्तीच्या उपवासाचे दिवस आता दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही १८ ते ५९ वयाच्या लोकांना. जैनांचा उपवास वर सांगितलेल्या निर्जरेसाठी, आत्म्यावरची धूळ झाडायला, म्हणून तो इतका कडक, कित्येक जण फक्त उकळलेल्या पाण्यावर. बुद्धांनी स्वतः हाडं दिसेपर्यंत उपाशी राहून बघितलं आणि ते सोडून दिलं, थेरवादी भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत एवढंच. शीख गुरूंनी उपवासाला धर्माचं साधन मानलंच नाही, त्यांच्याकडे उलट लंगर, सगळ्यांनी एका पंगतीत बसून जेवायचं.

प्रश्न : कुराणात येशू आहे असं ऐकलं, खरं का?

उत्तर : हो, ईसा या नावाने, मोठ्या आदराने. त्याची आई मरियम हिच्या नावाची एक अख्खी सूरा आहे, १९वी, आणि कुराणात नावाने उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. कुमारी मातेपोटी जन्म, मसीहा ही पदवी, चमत्कार, सगळं आहे. पण तो पैगंबर आहे, देवाचा पुत्र नाही, आणि त्याला क्रुसावर मारलं गेलं हे कुराण नाकारतं. ख्रिश्चन श्रद्धा नेमकी त्या क्रुसावर उभी आहे. तेव्हा हे साम्य बघून आनंद जरूर माना पण तेवढ्यावरून 'म्हणजे एकच की' असं दोघांपैकी कोणालाही म्हणू नका, दोघंही दुखावतील.

प्रश्न : माझी एक सहकारी ज्यू आहे. योम किप्पुरच्या आदल्या दिवशी मी तिला उत्साहाने 'हॅपी योम किप्पुर' म्हटलं, ती हसली पण जरा अवघडल्यासारखी. मला फार वाईट वाटतंय. माझं काय चुकलं?

उत्तर : वाईट वाटून घेऊ नका, तुमचं मन चांगलंच होतं. सण म्हटलं की 'हॅपी' ही आपल्याला सवय लागलीय पण काही दिवस तसे नसतात. गुड फ्रायडे येशूच्या मृत्यूचा दिवस. मोहरमचा दहावा दिवस, आशुरा, शिया मुसलमानांसाठी शोकाचा कारण ६८० मध्ये करबलात इमाम हुसेन मारले गेले, तर सुन्नी त्याच दिवशी मुसा पैगंबराच्या सुटकेच्या आठवणीत ऐच्छिक रोजा ठेवतात. एकाच धर्मात, एकाच तारखेला. म्हणून आधी विचारावं की तुमच्याकडे हा दिवस कसा असतो, या प्रश्नाने कोणी दुखावलेलं मी अजून पाहिलं नाही.

योम किप्पुर प्रायश्चित्ताचा दिवस, सुमारे २५ तास पाणीसुद्धा नाही, चामड्याचे जोडे घालत नाहीत, पुष्कळ जण पांढरे कपडे घालतात. मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात एक नियम आहे जो मला सगळ्या धर्मग्रंथांतल्या सर्वांत प्रामाणिक नियमांपैकी एक वाटतो. देवाविरुद्ध केलेल्या चुका या दिवशी माफ होतात, पण माणसाविरुद्ध केलेल्या होत नाहीत, जोवर तुम्ही त्या माणसाला जाऊन मनवत नाही. म्हणून त्याआधीच्या दिवसांत लोक एकमेकांकडे जाऊन माफी मागतात. जैनही संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतात, दिसायला अगदी सारखं, फक्त तिथे क्षमा सगळ्या जीवांकडे मागितली जाते आणि इथे नेमकं ज्याला दुखावलं त्याच्याकडे.

तेव्हा तिच्याशी सरळ बोला, मला माहीत नव्हतं, सॉरी, एवढं पुरे. आणि पुढच्या वर्षी त्या दिवसाआधी म्हणा, तुझा उपवास सोपा जावो. ज्यू लोक आपसातही हेच म्हणतात, हिब्रूत 'त्सोम काल'.