इंग्रजीत कॉमन नाउन आणि प्रॉपर नाउन यांतला फरक नेमका कसा ओळखायचा?

तुमच्या मुलाला सहावीत व्याख्या पाठ आहे, 'राम, पुणे, गंगा' ही उदाहरणंही येतात. पण निबंधात तो डॉक्टर, रिव्हर, समर यांना कॅपिटल देतो आणि मंडे, मराठी यांना देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे आपल्याकडे फार होतं, आणि त्याचं कारण सरळ आहे. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही. त्यामुळे सामान्यनाम (कॉमन नाउन) आणि विशेषनाम (प्रॉपर नाउन) हा भेद मराठीत व्याकरणाच्या तासापुरताच लागतो, इंग्रजीत मात्र विशेषनामाला कॅपिटल देऊन तो ओळीओळीत लिहून दाखवावा लागतो. मग मुलं अंदाजाने मोठ्या किंवा मानाच्या वाटणाऱ्या शब्दाला कॅपिटल देऊन टाकतात. कॅपिटलचा मानाशी संबंध नाही, एवढं आधी त्याच्या मनात पक्कं करा.

ओळखण्यासाठी मराठीतलाच 'नावाचा' हा शब्द वापरा. 'गोदावरी नावाची नदी' हे बरोबर वाटतं, 'नदी नावाची गोदावरी' वाटत नाही. म्हणजे गोदावरी विशेषनाम आणि नदी सामान्यनाम. पण ही कसोटी एकटी पुरत नाही, कारण 'आंबा नावाचं फळ' असंही आपण म्हणतो. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: 'कुठला? किती?' 'कुठला आंबा, किती आंबे' हे विचारता येतं, म्हणून मँगो सामान्यनाम. 'किती गोदावऱ्या' असं कोणी विचारत नाही. प्राणी, झाडं, फळं, मलेरियासारखे आजार हे सगळे या दुसऱ्या प्रश्नात किंवा 'हा एक प्रकार आहे' या उत्तरात अडकतात, आणि त्यांना कॅपिटल लागत नाही.

आता खरी गोम. शब्द सुटा घेऊन यादी पाठ करण्यात अर्थ नाही, कारण तोच शब्द एका वाक्यात सामान्यनाम आणि दुसऱ्यात विशेषनाम असतो. 'माय मदर इज अ टीचर' यात मदरचा एम लहान. पण आईला हाक मारताना 'आय ॲम हंग्री, मदर' लिहिलं तर एम कॅपिटल, कारण तिथे तो शब्द नावाच्या जागी आला. पडताळा सोपा आहे: त्या जागी आईचं नाव घालून वाचा. 'माय सुनीता इज अ टीचर' खटकतं, 'आय ॲम हंग्री, सुनीता' खटकत नाही. माय, हिज, अवर असा शब्द आधी आला की अंकल, ग्रँडफादर सगळे लहान अक्षराने. पदव्यांचंही तसंच. नावाला चिकटून आलेला डॉक्टर किंवा प्रेसिडेंट कॅपिटल. 'शी वॉन्ट्स टू बी अ डॉक्टर' यात लहान.

नाव अनेक शब्दांचं असेल तर त्यातले मुख्य शब्द सगळे कॅपिटल होतात, मधले ऑफ, अँड मात्र लहान राहतात. 'गेटवे ऑफ इंडिया' मध्ये जी आणि आय मोठे, ओ लहान. पुढच्या वाक्यात नुसतं 'द गेटवे' न म्हणता 'द मॉन्युमेंट' म्हटलं तर एम लहान, कारण तो त्या वास्तूचा प्रकार झाला. नोकरीच्या अर्जात कंपनी, कॉलेज, मॅनेजर या शब्दांना सरसकट कॅपिटल दिलेलं दिसतं ते याच गोंधळातून.

वार आणि महिने कायम कॅपिटल, ऋतू लहान. भाषांची नावंही कायम कॅपिटल. म्हणून शाळेच्या विषयांत इंग्लिश आणि मराठी मोठ्या अक्षराने, हिस्ट्री आणि सायन्स लहान. भाषेच्या किंवा गावाच्या नावावरून आलेलं विशेषणही कॅपिटल राहतं: 'कोल्हापुरी मिसळ' इंग्रजीत लिहिताना के मोठा, मिसळचा एम लहान. अक्षराच्या आकाराने अर्थच बदलतो अशाही जोड्या आहेत. कॅपिटल पी असेल तर पोलिश, म्हणजे पोलंडचा. तेच स्पेलिंग लहान पीने लिहिलं की बुटाचं पॉलिश. इथे तर उच्चारही बदलतो.

'प्रॉपर नाउनला द लागत नाही' हा शिकवला जाणारा नियम मला धोकादायक वाटतो. नद्या, पर्वतरांगा आणि काही देश द घेतातच: द गोदावरी, द हिमालयाज, द नेदरलँड्स. वाक्याच्या मध्ये त्या द चा टी लहान ठेवायचा, बस. 'अनेकवचन होत नाही' हेही अर्धंच खरं. 'वर्गात तीन पाटील आहेत' असं झालं की मराठी व्याकरण ते सामान्यनामासारखं वापरलं असं म्हणतं, पण इंग्रजीत 'थ्री पाटील्स' लिहिताना पी कॅपिटलच राहतो.

उलट, माणसाच्या नावावरून आलेला शब्द पूर्ण सामान्यही होतो. जेम्स वॅटचा डब्ल्यू मोठा, पण 'सिक्स्टी वॅट' असा शब्द लिहिताना लहान. नुसतं चिन्ह लिहिलं तर पुन्हा मोठा. सेल्सियसचा सी मात्र नेहमी मोठा. एस्केलेटर हा एके काळी एका कंपनीचा ट्रेडमार्क होता; 1950 साली अमेरिकेत तो हक्क गेला आणि आज तो लहान ईने लिहितात.

सरावाला रिकाम्या जागा भरायला देऊ नका. सगळी अक्षरं लहान ठेवून दोन-तीन ओळी लिहा आणि त्याला सुधारायला सांगा, प्रत्येक कॅपिटलचं कारण तोंडी विचारा. उदाहरणार्थ: 'लास्ट मे माय अंकल टुक अस टू लोणार लेक. द लेक इज इन महाराष्ट्र. वी स्पोक मराठी विथ द गाइड.' वाक्यांच्या सुरुवातीची तीन अक्षरं सोडली तर पाच शब्द कॅपिटल व्हायला हवेत: मे, लोणार, पहिला लेक, महाराष्ट्र, मराठी. अंकल, दुसरा लेक आणि गाइड लहान. दुसऱ्या लेकवर तो अडला तर 'लोणार नावाचं' इथपर्यंत परत जा.