थंडीत गोव्याला जाऊ का सोलापुरातच बघू?

प्रश्न : नमस्कार. वय ४१, विजापूर रोडला राहतो, टॉवेलचा धंदा आहे. दोन वर्षांपूर्वी ट्रायथलॉनचा नाद लागला, एक ऑलिंपिक अंतराची (दीड किमी पोहणं, ४० सायकल, १० पळणं) पूर्ण केली, आता पुढच्या वर्षी गोव्याची हाफ आयर्नमॅन (१.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१ पळणं) करायचीय. पण डिसेंबर लागला की माझं गाडं अडतं. पहाटे ५ला अलार्म बंद करून परत चादरीत, आणि पूलचं पाणी म्हणजे अक्षरशः बर्फ, चार लॅप झाले की बोटं वाकडी. यूट्यूबवर बघितलं की बाहेरचे लोक थंडीत लान्झारोटे, मायोर्का असल्या स्पेनच्या बेटांवर जाऊन कॅम्प करतात, म्हणून म्हटलं आपणही जानेवारीत १५ दिवस गोव्याला जाऊन मनसोक्त ट्रेनिंग करावं. बायको म्हणते तेवढ्या पैशात घरी सायकलचा ट्रेनर (सायकल अडकवून जागच्या जागी मारायचं स्टँड) येईल. काय करू?

उत्तर : आधी ते लान्झारोटेचं बघू. ते लोक जिथून येतात तिथे जानेवारीत रस्त्यावर बर्फ असतो, ४ वाजता अंधार पडतो, सायकल बाहेर काढायची सोयच नसते. म्हणून ते जातात, आणि जातात तिथे दुपारी तापमान किती असतं, तर २०-२१. सोलापुरात जानेवारीत दुपारी ३० असतं हो! म्हणजे ते ज्याच्यासाठी विमानाचं तिकीट काढतात त्याच्यापेक्षा जास्त ऊब तुम्हाला दारात फुकट मिळतेय, आणि तुम्ही निघाला गोव्याला. आपला अवघड सीझन थंडी नाहीच मुळी, एप्रिल-मे आहे, पारा ४२च्या वर गेल्यावर.

उकाड्याची सवय करायला जात असाल तर तेही जमत नाही. शरीराला उष्णता अंगवळणी पडायला १०-१४ दिवस लागतात हे खरं, पण घरी आल्यावर तीन-चार आठवड्यात ती सवय उतरते. तुमची रेस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जानेवारीत कमावलेलं तोवर टिकणार कसं? आत्ताचे महिने बेस बांधायचे, म्हणजे निवांत, बोलता बोलता करता येईल अशा वेगाने भरपूर तास घालायचे, आणि ते रोज थोडं थोडं आठ-दहा आठवडे केलं तरच अंगात मुरतं. १५ दिवसात कोंबून होत नाही. मी स्वतः हा शहाणपणा केलाय एकदा. सुट्टी काढलीय, पैसे भरलेत, मग वसूल करायचे म्हणून पहिल्या तीन दिवसात एवढी सायकल हाणली की चौथ्या दिवशी गुडघा धरला, उरलेले दिवस मासे खाल्ले आणि दोन किलो वाढवून परत आलो.

तुमची खरी अडचण पहाटे ५ ही वेळ आहे. ती सोडा. सूर्य उगवतो ७च्या सुमाराला, त्याआधी सायकल घेऊन हायवेला जाऊच नका, आणि हे थंडीसाठी सांगत नाहीये. उसाचा सीझन चालू असतो, डबल ट्रॉली लावलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, वर टेपरेकॉर्डर फुल्ल. अंधारात तो तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही त्याला ऐकू येत नाही. उजाडल्यावर तुळजापूर रोड धरा, जाऊन-येऊन ९०च्या आसपास होतं म्हणजे तुमच्या रेसएवढंच, आणि शेवटी घाट आहे तो बोनस. ही राइड रविवारी. मधल्या वारी संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ट्रेनरवर ४५ मिनिटं बास. पळायचं दुपारी, जेवायच्या आधी, तेव्हा घाम येतो का नाही ते मला कळवा. फक्त गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसात सिद्धेश्वर तलावाकडे पळायला जाऊ नका, गर्दीत एक किलोमीटरला अर्धा तास लागेल आणि शेवटी भजी खाऊन घरी याल.

पोहण्याचं म्हणाल तर उघड्या पूलचं पाणी रात्रभर गार होतं, दुपारी ३-४ला जा, फरक पडेल. जमत नसेल तर ओळखीतल्या कुणाच्या शेतात विहीर बघा. थंडीत सकाळी विहिरीतून वाफा निघताना बघितल्या असतील, खालचं पाणी बाहेरच्या हवेइतकं गार होत नाही. लहानपणी पाठीला डबा बांधून शिकलात तिथेच आता कमरेला रबरी दोरी बांधून जागच्या जागी वीस मिनिटं हात मारा, मात्र काठावर पोहता येणारा माणूस पाहिजेच, एकटं अजिबात उतरायचं नाही. वेटसूट (गार पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) घेऊ नका. तो पाणी २४.५ डिग्रीपर्यंत असेल तरच घालू देतात आणि गोव्याचा समुद्र त्याहून कोमट.

गोव्याला जाऊच नका असं नाही. २५ मीटरच्या पूलमध्ये १.९ किमी म्हणजे ७६ लॅप, आणि दर लॅपला भिंतीला पाय मारून तुम्ही नकळत दम खाता. समुद्रात भिंत नाही, लाट तोंडावर येते, खारट पाणी नाकात, खालची रेघ दिसत नाही, आणि भलेभले पोहणारे तिथे पहिल्या दोनशे मीटरला घाबरतात. म्हणून फेब्रुवारीत चारच दिवस मिरामारला जाऊन या, माहितगार माणूस सोबत घेऊन नुसतं समुद्रात पोहा, सायकल घरीच ठेवा. मग पावसाळा संपून समुद्र शांत झाला की रेसच्या आधी परत एकदा. १५ दिवसांचा खर्च असा दोनदा वाटला तरी पैसे उरतील, ते मे महिन्यात महाबळेश्वरला आठवडाभर घालवा, घरच्यांनाही घेऊन जा.

आणि ट्रेनरच्या बाबतीत वहिनी बरोबर आहेत, घेऊन टाका. फ्लॅट असेल तर खालचे लोक आवाजाची तक्रार करतील, त्याच्याखाली एक जुनी जाड सोलापुरी चादर चार पदरी घडी करून घाला. घाम पुसायला टॉवेल लागेल दर वेळी, त्याचं तुम्हाला काय सांगायचं.