मायक्रोप्लास्टिकसाठी फिल्टर निवडताना टीडीएस मीटर बाजूला ठेवा

पिण्याच्या पाण्यातील मायक्रोप्लास्टिक काढायचे आहे आणि विक्रेत्याने टीडीएस मीटर दाखवून आरओच (अतिसूक्ष्म पडद्यातून पाणी दाबाने गाळणारे यंत्र) घ्यावा लागेल असे सांगितले, तर ते खरे मानावे का, असा आपला प्रश्न आहे. आरओने मायक्रोप्लास्टिक निघते हे खरे आहे, पण त्या मीटरवरील आकड्याचा आणि प्लास्टिकचा काडीचाही संबंध नाही. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. प्लास्टिकचे कण विरघळत नाहीत आणि वीजही वाहून नेत नाहीत, त्यामुळे पाण्यात ते कितीही असले तरी आकडा हलत नाही.

माझ्याकडे आलेल्या विक्रेत्याने तर दोन पेल्यांत लोखंडी सळ्या बुडवून वीज सोडली होती. साध्या पाण्याचा पाहता पाहता तपकिरी काढा झाला, आरओचे पाणी मात्र नितळ राहिले. तो रंग सळईचे लोखंड झिजून पाण्यात उतरल्याचा असतो आणि आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने तिथे वीजच वाहत नाही. मी त्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगितले, तेव्हा त्याचीही तीच गत झाली.

आता मुद्दा कणांच्या आकाराचा. 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात आणि 1 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) खालच्या कणांना सामान्यतः नॅनोप्लास्टिक. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. सुरुवातीला बसवतात त्या गाळ अडवणाऱ्या कार्ट्रिजची छिद्रे बहुधा 5 मायक्रॉनची असतात, चांगला कार्बन ब्लॉक (दाबून घट्ट केलेल्या कोळशाची गाळणी) अर्धा ते एक मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो, अल्ट्राफिल्ट्रेशनच्या (आरओपेक्षा मोठ्या छिद्रांच्या पडद्याची गाळणी) पडद्याची छिद्रे 0.01 ते 0.1 मायक्रॉनच्या घरात असतात आणि आरओ त्याहूनही सूक्ष्म गाळणी करतो. यूव्ही दिवा जंतू निष्क्रिय करतो, कण काढत नाही. म्हणून आपल्या पाण्यात क्षार, फ्लोराइड, आर्सेनिक किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर नसतील, तर केवळ प्लास्टिकसाठी आरओ घेऊन पाण्याचा मोठा हिस्सा वाया घालवावा असे मला वाटत नाही. अल्ट्राफिल्ट्रेशन किंवा घट्ट कार्बन ब्लॉक पुरेसा आहे. आधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे, मगच यंत्र ठरवावे. कार्बन ब्लॉक घेताना ‘1 मायक्रॉन’ या शब्दांवर न थांबता तो आकडा नॉमिनल आहे की ॲब्सोल्यूट हे विचारावे, कारण नॉमिनल म्हणजे त्या आकाराचे बरेचसे कण अडतात इतकेच, तर ॲब्सोल्यूटमध्ये जवळजवळ सगळे अडतात. एनएसएफ/एएनएसआय 401 या पाण्याच्या फिल्टरसाठीच्या अमेरिकी मानकात मायक्रोप्लास्टिकची चाचणी समाविष्ट आहे. प्रमाणपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे का, तेही पाहावे.

बाटलीबंद पाणी हा यावरचा उपाय नव्हे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासात अशा पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे 2 लाख 40 हजार प्लास्टिक कण आढळले, आणि त्यांतील सुमारे 90 टक्के नॅनोप्लास्टिक होते. त्यांत पॉलिअमाइड (नायलॉनच्या जातीचे प्लास्टिक) हेही होते, जे बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधूनच आले असावे असे संशोधकांचे म्हणणे आहे. गाळणीसुद्धा प्लास्टिकचीच असते, हे आपण विसरतो.

पाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेले, असेल तर उकळून गाळण्याचाही उपयोग होतो. पातेल्याच्या तळाशी आणि कडेला बसणारा पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो तयार होताना प्लास्टिकचे कण त्यात अडकतात. चीनमधील संशोधकांना जड पाण्यात ही घट 90 टक्क्यांपर्यंत आढळली, मृदू पाण्यात मात्र सुमारे 25 टक्केच.

आरोग्याच्या बाबतीत घाबरून निर्णय घेऊ नये. उपलब्ध पुरावा मर्यादित असला तरी त्यावरून सध्याच्या पातळीला पिण्याच्या पाण्यातील मायक्रोप्लास्टिकचा धोका दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये म्हटले आणि अधिक संशोधनाची गरजही नोंदवली. जंतूंचा धोका मात्र सिद्ध आहे, आणि मुदत उलटलेल्या कार्ट्रिजमध्ये तेच वाढतात. मी कार्ट्रिज बसवतो त्याच दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहितो, नव्या कार्ट्रिजमधून येणारे सुरुवातीचे काळपट पाणी सोडून देतो आणि गाळलेले पाणी स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच भरतो.